तणस थॉमसच्या घरचं

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून नाताळपर्यंत फादर रोज संध्याकाळच्या प्रार्थनेआधी वेदीसमोरच्या गव्हाणीत हात घालत. गादी विकत घेणारा माणूस दाबून बघतो तसा तळवा सपाट ठेवून तळाची फळी दाबत. मग लोकांकडे वळून सांगत, "यंदा बाळाची पाठ दुखन." यात काही गमतीचं असल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

गव्हाण खरीखुरी होती. गावच्या सुताराने ऐनाच्या लाकडाची केलेली, वासराला पुरेल एवढी. चोवीस डिसेंबरला तिच्यात बाळ येशूची मूर्ती ठेवायची. त्याआधीचे चार आठवडे ती रिकामी असे आणि तिच्यामागे, भिंतीला टेकवून, नव्या धानाच्या तणसाची, म्हणजे भाताच्या वाळल्या काड्यांची, एक पेंढी असे. नियम एवढाच होता की, ज्याने कुणासाठी काही चांगलं केलं आणि ते कुणाला कळू दिलं नाही, त्याने पेंढीतली एक काडी काढून गव्हाणीत टाकायची. नाताळपर्यंत जेवढं तणस जमेल तेवढंच बाळाचं अंथरूण. हा रिवाज इतर ठिकाणीही आहे. तो इतक्या काटेकोरपणे पाळणारा दुसरा कुणी माझ्या पाहण्यात नाही.

वसतिगृह आणि दवाखाना पाहणाऱ्या सिस्टरांनी एका वर्षी मुलींच्या वतीने मूठभर तणस एकदम गव्हाणीत ठेवलं. मुलींनी महिनाभर चर्च झाडलं होतं. फादरनी ती मूठ उचलली, सगळ्यांसमोर बाहेर नेली आणि गाईपुढे टाकली. परत येऊन म्हणाले, "झाडतानी साऱ्यायनं पाह्यलं. आता गायीनं खाल्लं. हिशेब बराबर."

सिस्टर त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी फक्त औषधांविषयी बोलल्या.

फादर केरळचे. कुरखेड्यापलीकडच्या या गावात आले तेव्हा मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि शिकवायला गाव सोडून कुणी नव्हतं. त्यामुळे त्यांची मराठी झाडीची, म्हणजे या जंगलपट्टीतली, झाली. बोलण्याचा वेग तेवढा केरळचा राहिला. ते कुठेही, कुणासमोरही 'मले', 'तुमाले' म्हणत. तहसील कार्यालयात एका अधिकाऱ्याने त्यांना सांगितलं की आज वेळ नाही. फादर म्हणाले, "काही हरकत नाई जी. मले थांबाची सवय हाय." आणि व्हरांड्यातल्या बाकावर जपमाळ घेऊन बसले. दुपारनंतर त्या अधिकाऱ्यानेच बाहेर येऊन काम विचारलं. काम वसतिगृहाच्या रस्त्यावरच्या नालीचं होतं. ते झालं.

थांबणं हा त्यांचा धर्मातला आवडता भाग होता. आगमनकाळ म्हणजे दुसरं काही नाही, वाट पाहणं, असं ते सांगत. मी तेव्हा एका दैनिकाचं तालुक्याचं काम पाहत होतो आणि रविवारी त्याच चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला मागच्या चटईवर बसत होतो. पहिल्या रविवारचं त्यांचं प्रवचन दर वर्षी तेच असे आणि ते या वाक्याने संपे: "थांबाले शिका. धान थांबते, मोहाचं फूल थांबते, मानसालेच काऊन घाई?"

या तत्त्वाचे परिणाम गावाला भोगावे लागत. नाताळचे कागदी तारे घरांवर टांगायला परवानगी होती, पण आत दिवा लावायला चोवीस तारखेपर्यंत बंदी. "अजून जन्मला नाई, तं तारा कायले?" चोवीस तारखेआधी नाताळचं गाणं त्यांच्या कानावर पडलेलं चालत नसे. कुरखेड्याच्या बाजारात एका दुकानात डिसेंबरच्या सुरुवातीलाच स्पीकरवर तसली गाणी लागत. फादर तिथूनच तेल घेत, पण पिशवी काखेत धरून आणि दोन्ही कानांत बोटं घालून. दुकानदाराला त्याची सवय झाली होती. तो तेलाचा भाव हाताने दाखवी.

आता गायकवृंदाला सराव तर करावा लागणार. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की, सराव चर्चमध्येच व्हायचा, पण दार लावून आणि सगळ्या खिडक्या बंद करून. "बाळाले आयकू नाई गेलं पायजे," ते म्हणत. पत्र्याच्या छपराखाली, बंद खोलीत, ढोलकी आणि पेटीसह वीसेक माणसं गात. बाहेर आली की घामाने भिजलेली असत. कुणी तक्रार केली की उत्तर एकच, "काऊन? गरमीत गानं बिघडते का?"

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आमच्याकडे दुपारी चारला होते. वाघामुळे ती आधी संध्याकाळवर आली, आणि छत्तीसगडकडून हत्तींचा कळप उतरल्यावर दुपारवर. फादर तिला शेवटपर्यंत मध्यरात्रीची मिस्साच म्हणत. "मध्यरात्रीची मिस्सा, दुपारी चार वाजता, वेळेवर यावं," अशी सूचना ते देत, आणि नव्याने आलेला कुणी असेल तर तोच तेवढा हसे.

पेंढी थॉमसभाऊंच्या घरून येई. थॉमसभाऊ दोन भावांतले थोरले. कमी बोलणारे, चर्चमध्ये पहिल्या ओळीत बसणारे. ते थोडं हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान सगळ्यांआधी मळत आणि त्याचं पिवळंधमक तणस पहिल्या रविवारी खांद्यावरून आणून भिंतीला टेकवत. इतकी वर्षं त्यात खंड नव्हता. धाकटा पौलुस गायकवृंदात ढोलकी वाजवी. ढोलकी त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हती. दोघांच्या बांधी, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, एकमेकांना लागून होत्या आणि कापलेल्या धानाच्या भाऱ्यांची पुंजणीही, म्हणजे मळणीआधीच्या गंज्या, जवळजवळच रचलेली असत. हत्ती आल्यापासून राखणीला ते पाळी लावत. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरा.

ज्या वर्षाविषयी सांगायचं आहे त्या वर्षी सराव आगमनकाळाच्या आदल्या दिवशी सुरू झाला. शनिवार होता. हत्तींवर नजर ठेवणाऱ्या पथकातला एक जण दुपारी चर्चच्या हातपंपावर पाणी प्यायला थांबला आणि कळप नाल्यापलीकडच्या बांबूत असल्याचं फादरना सांगून गेला. थोड्या वेळाने पौलुस आला.

"फादर, आज माही पाळी हाय. दादा तापानं पडला हाय."

"तासाभराचं काम, पौलुस."

"हत्ती जवळ हायेत म्हंते."

"नाला पार करून येत नाईत ते. ढोलकीबिगर सराव कसा होईन?"

पौलुस थांबला. हे संभाषण नंतर मला त्यानेच सांगितलं, आणि फादरनी ते कधी नाकारलं नाही.

हत्ती दिवस मावळताना नाला पार करून आले. गावाने डबे बडवले, फटाके लावले, आरडाओरड केली. चर्चच्या खिडक्या बंद होत्या. रोजाबाई, गावातली सगळ्यांत तिखट नजरेची म्हातारी, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी, काठी घेऊन चर्चपर्यंत आली आणि दार ठोकू लागली. आतल्यांना काही वेळ तो ढोलकीचाच ठोका वाटला. दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "गाऊन राह्यले? गा. तिकडं हत्ती नाचून राह्यले."

थॉमसभाऊंचं पुंजणं गेलं. हत्तींनी खाल्लं कमी आणि तुडवलं जास्त. हलकं धानही त्या वर्षी मळायचं राहिलं होतं, तेही त्यातच होतं. पौलुसचं पुंजणं वीस पावलांवर जसंच्या तसं उभं होतं. हत्ती तिकडे का वळले नाहीत, हे कुणालाच सांगता आलं नाही. थॉमसभाऊ अंगात ताप असताना कांबळं गुंडाळून आले, दोन्हीकडे बघितलं आणि भावाला म्हणाले, "तुहं राह्यलं. माहं गेलं. वाजव आता."

त्यानंतर ते भावाशी बोलले नाहीत. पंचनामा झाला. माझी बातमी चार ओळींची आली. तिच्यात ढोलकीचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार. पहिल्या ओळीतली थॉमसभाऊंची जागा रिकामी होती. फादरनी नेहमीप्रमाणे गव्हाण मांडली. भिंतीला पेंढी नव्हती. मिस्सा संपल्यावर दोघा-तिघांनी आपापल्या घरचं तणस आणून देण्याची तयारी दाखवली.

"नाई," फादर म्हणाले. "तणस थॉमसच्या घरचं."

"त्याच्या घरी नाई ना जी यंदा."

"मंग थांबा."

लोक थांबले. पण दुसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू झाली. सवय झालेली होती. लोक चांगली कामं करत होते आणि ठेवायला जागा नव्हती. रोजाबाईने एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर फादरना गाठलं.

"फादर, मी जावेले चार दिवस पानी भरून देल्लं. तिले वाटते तिच्या सुनेनं भरलं. आता काडी कुठी ठेवू?"

फादरनी तिच्याकडे बघितलं. "आता सांगून टाकलं ना. गेली तुही काडी."

"असं कसं जी?"

"नियम हाय."

रोजाबाई घरी जाईपर्यंत बडबडत राहिली. नियम कुणी केला, आणि पाणी कुणी भरलं, असा तिचा सवाल होता.

फादर रोज गव्हाणीत हात घालत होते आणि रोज तेच वाक्य म्हणत होते. फरक एवढाच की आता ते लोकांकडे वळत नसत. सराव थांबवला होता. पौलुस मिस्सेला येई, मागे माझ्या शेजारी बसे आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत नसे. फादर एकदा थॉमसभाऊंच्या घरी जाऊन आले. थॉमसभाऊंच्या बायकोने, मार्थाबाईने, पाणी दिलं. थॉमसभाऊ मागच्या दाराने निघून गेले. फादर दिवस कलेपर्यंत अंगणातल्या बाजेवर बसले. थांबण्याची सवय असलेल्या माणसाला तिथे थांबून काही मिळालं नाही. निघताना ते मार्थाबाईला म्हणाले, "तापाच्या गोळ्या संपल्या असतीन तं सांग." ती म्हणाली, ताप उतरला.

गावात त्या दिवसांत बहुतेकांचं म्हणणं असं होतं की चूक पौलुसची. पाळी त्याची होती. फादरच्या खिडक्यांविषयी कुणी उघड बोलत नसे.

तिसऱ्या रविवारी, प्रवचन चालू असताना, थॉमसभाऊ आले. खांद्यावर पोतं. चपला न काढता मधल्या मोकळ्या वाटेने चालत वेदीपर्यंत गेले आणि पोतं उलटं केलं. चिखलात तुडवलेलं, काळं पडलेलं तणस होतं आणि त्यात हत्तीची लीद.

"घ्या," ते म्हणाले. "तणस पायजे होतं ना माह्या घरचं? हेच ठेवलं हत्तीनं."

पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. पौलुस अर्धा उठला आणि बसला. थॉमसभाऊ आले तसे निघून गेले. फादरनी त्या ढिगाकडे बघितलं, प्रवचनातलं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं आणि मिस्सा पुढे चालवली. ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोकांना ढिगाला वळसा घालून जावं लागलं.

मिस्सेनंतर त्यांनी झगा उतरवला, बनियन आणि लुंगीवर ते सगळं घमेल्यात भरलं आणि हातपंपावर नेलं. तिथे बसून त्यांनी ते धुतलं. लीद वेगळी केली, चिखल काढला, तुटलेल्या काड्या बाजूला केल्या. हातपंप मारायला पौलुस उभा राहिला. नंतर ते तणस चर्चच्या पायऱ्यांवर वाळत घातलं. त्याचा रंग चहाचा झाला होता आणि वास गेला नव्हता.

"फादर, हे आत ठेवनार?" सिस्टरांनी विचारलं. "नाताळाले?"

"गोठ्यात अत्तर होतं का, सिस्टर?"

वाळल्यावर त्यांनी त्याची पेंढी बांधली. नेहमीच्या पेंढीच्या निम्मीही झाली नाही. ती भिंतीला टेकवली. त्या संध्याकाळपासून गव्हाणीत काड्या पडू लागल्या, आणि तुंबलेलं पाणी सुटावं तशा पडू लागल्या. रोजाबाईने किती टाकल्या हे मला माहीत नाही. ती येताना-जाताना माझ्याकडे रोखून बघे, त्यामुळे मी दुसरीकडे बघत असे.

चौथ्या रविवारी फादरनी प्रवचनाला उभं राहून नेहमीचं काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "सराव मी ठेवला. खिडक्या मी लावाले सांगतल्या. हत्ती जवळ हायेत हे मले दुपारीच समजलं होतं. पौलुस नाई म्हणत होता, मी त्याले थांबवलं. तुमी दोष त्याच्या अंगावर टाकून राह्यले, आन् मी आयकून चूप राह्यलो." एवढं बोलून ते खाली बसले. नंतर उठून प्रार्थना सुरू केली. मार्थाबाई त्या दिवशी आली होती. ती मिस्सा संपायच्या आधी उठून घरी गेली.

त्याच संध्याकाळी सराव पुन्हा सुरू झाला. फादरनी स्वतः सगळ्या खिडक्या उघडल्या आणि दाराला विटा लावल्या. पेटीवाल्याने विचारलं, "बाळाले आयकू जाईन ना, फादर?"

"जाऊ दे," ते म्हणाले.

चोवीस तारखेला दुपारी मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी लोक जमू लागले, तेव्हाच फोनवर निरोप आला की कळप परत नाल्याकडे येतो आहे. पौलुसचं पुंजणं अजून बांधीत उभं होतं. मळणी नाताळानंतर होती. दोन्ही घरांना वर्षभर खायला जे काही होतं ते आता त्या एका पुंजण्यात होतं. पौलुस तिकडे गेला. ढोलकी पेटीजवळ तशीच ठेवलेली होती. गायकवृंद तिच्याकडे बघत होता.

चार वाजले. फादर झगा घालून, मूर्ती दोन्ही हातांत धरून दाराशी उभे राहिले. गाणं सुरू झालं की त्यांनी चालत वेदीपर्यंत जायचं आणि बाळ गव्हाणीत ठेवायचं, असा क्रम होता. पेटीवाल्याने सूर धरला. फादरनी मान हलवून नको म्हटलं.

"फादर, उशीर होईन," सिस्टर हळूच म्हणाल्या. "लोकायले दिवसाउजेडी घरी जायचं हाय."

"थांबा."

"पौलुस येत नाई आज. येनार कसा?"

लहान मुलं चुळबुळ करू लागली. उघड्या खिडक्यांतून गार वारा येत होता आणि लांबून कुणीतरी डबा वाजवत असल्याचा आवाज. नंतर तोही थांबला.

पौलुस आला तो पळत आला. पायांना बांधीतला चिखल होता. त्याने दाराशी श्वास घेतला, फादरना वळसा घालून आत गेला आणि ढोलकी मांडीवर ओढली. सगळं चर्च त्याच्याकडे बघत होतं. विचारायचं सगळ्यांना होतं. विचारलं फादरनी, दारातूनच.

"पुंजन्यावर कोन हाय?"

"दादा," पौलुस म्हणाला. ढोलकीची दोरी ताणत, वर न बघता. "मले म्हने, जा. वाजव तिकडं. इथी आयकू येते."

गाणं सुरू झालं. फादर मधल्या वाटेने चालत गेले, पण गव्हाणीपाशी पोचल्यावर मूर्ती ठेवली नाही. ती डाव्या हातावर घेतली, वाकून भिंतीजवळच्या पेंढीतली एक काडी ओढली, चहाच्या रंगाची, मध्ये दुमडलेली, आणि ती गव्हाणीत टाकली. इतक्या वर्षांत त्यांना काडी टाकताना कुणी पाहिलं नव्हतं. ही काडी त्यांची नव्हती हे सगळ्यांना कळलं. ज्याची होती तो माणूस तिथे नव्हता, त्याने काय केलं ते सगळ्या चर्चला माहीत झालं होतं, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे तिथेच ती काडी बाद होती. गाणाऱ्यांचे आवाज एकेक करून थांबले. ढोलकी तेवढी चालू होती.

फादर वळले. पहिल्या ओळीपासून मागच्या चटईपर्यंत त्यांनी सगळ्यांकडे बघितलं.

"कोनाले काही दिसलं का?"

बायकांच्या बाजूने, अगदी पुढून, रोजाबाईचा आवाज आला.

"मले तं मोतीबिंदू हाय जी, फादर."

त्यांनी बाळाला तणसावर ठेवलं.